एक बाई, एक मशीन

युनियनची मेंबर मी झाले ती बोटं बघून. माझी नव्हे, खालाची. खाला म्हणजे माझ्या शेजारच्या मशीनवर काम करणारी बाई. वयानं माझ्या आईएवढी. माहेर हिंगोलीचं, सासरही हिंगोलीचंच, नवरा गाद्या भरायचा. मुकादमापासून झाडूवालीपर्यंत सगळं जिनिंग तिला खालाच, म्हणजे मावशीच, म्हणायचं. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे गेलेले होते, आणि ते कसे गेले हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

जिनिंग म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शेतातून वेचून आलेल्या कापसात सरकी असते. सरकी वेगळी आणि रुई वेगळी करायची, ते काम जिनिंगचं. एक लांबलचक पत्र्याची शेड, तिच्यात मशीनच्या दोन ओळी, आणि प्रत्येक मशीनपुढं एक बाई उभी. मागच्या ढिगातून कवळाभर कापूस घ्यायचा आणि मशीनच्या तोंडाशी हातानं सारखा पसरत राहायचा. जास्त घातला तर मशीन अडतं. कमी घातला तर त्याहून वाईट. मशीनचा रिकामा रूळ घासून घासून तापतो, जळका वास सुटतो, आणि रुईला एक ठिणगी पुरते. भोंगा झाला की सगळी मशीनं एकाच लांब लोखंडी दांड्यावर, चामड्याच्या पट्ट्यांनी, एकदम फिरायला लागायची. तुमचं मशीन तुमच्यासाठी थांबत नसे.

तरी सांगते, मला ते काम आवडायचं. बहात्तरच्या दुष्काळात मी रस्त्यावर खडी फोडली होती, डोक्यावर ऊन घेऊन. इथं डोक्यावर पत्रा तरी होता. दुष्काळ सरून दुसरी सुगी चालू होती, कापूस भरघोस आला होता, सेनगावकडून, कळमनुरीकडून बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर सडकेपर्यंत लागायची. माझा नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. आणि माझी मधली लेक अंगावर पिणारी.

आता लेकुरवाळीनं मशीन सोडायचं कसं? त्याची आमच्यात एक रीत होती. शेतात खुरपताना प्रत्येकीची आपापली पात, म्हणजे ओळ, असते की नाही, तशीच. एखादी लेकराला पाजायला बांधावर गेली तर दोन्हीकडच्या शेजारणी तिची पात आपल्याबरोबर ओढत नेतात. तेच आम्ही जिनिंगमध्ये आणलं होतं. शेजारणीला नुसतं म्हणायचं, "माझं धर गं." शेजारीण एक हात आपल्या मशीनवर, एक हात तुमच्या मशीनवर ठेवायची, तेवढ्यात तुम्ही पाजून यायचं. माझी सासू लेकीला घेऊन दिवसातून दोनदा फाटकाजवळच्या लिंबाखाली येऊन बसायची. खाला जाळीतून बघायची आणि माझ्या आधी तीच म्हणायची, "जा गे, तेरी सास आ गई. मैं देखतूं."

मुकादमाला हे माहीत होतं. तो काही म्हणायचा नाही. काहून म्हणंल? त्यालाही तेच पाहिजे होतं. कारण जिला दहा मिनिटं दोन मशीन धरता येतात, तिला दिवसभरही धरता येतील, हे त्याच्या डोक्यात बरोबर शिरलं होतं. एखादी बाई आली नाही की तो शेजारणीला म्हणायचा, "आजच्या दिवस धरा दोन." मजुरी मात्र एकीचीच. खालाला त्यानं असं ओळीनं चार दिवस दोन मशीनवर उभं केलं. चौथ्या दिवशी दुपारी खालाचा हात थकून रुळाशी गेला. ती ओरडलीसुद्धा नाही. हात वर करून माझ्याकडं बघत राहिली. पुढ्यातला कापूस लाल झाला तेव्हा मला कळलं.

तिला दवाखान्यात आम्ही बायांनीच नेलं. आणि त्याच आठवड्यात आम्ही सगळ्या युनियनमध्ये गेलो.

युनियनचा पुढारी परभणीहून यायचा. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. काळा, हडकुळा माणूस, खांद्याला पिशवी, पायात टायरच्या चपला. ते बाजाराच्या दिवशी, जिनिंग बंद असताना यायचे आणि शेडमागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांना बसवून बोलायचे. प्रेसवरचे, रुई दाबून तिच्या गठाणी बांधणारे गडी आधीपासून मेंबर होते. बाया त्या वर्षी पहिल्यांदा आल्या. चहा यायचा. आम्ही बौद्धांच्या बाया सवयीनं मागं सरून बसलो होतो. दादांनी स्वतः उठून पहिला कप माझ्या हातात दिला, दुसरा खालाच्या, तिसरा स्वतः घेतला, सगळे कप एकाच ट्रेमधले. घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "वर्गणी भरायची. चहासाठी तरी भरायची."

दादांनी विचारलं, तुमची मागणी काय? तेव्हा शिरडवाली उठली. शिरड शहापूरची म्हणून ती शिरडवाली, जशी मी सेनगाववाली. उंच, तोंडाची फटकळ, लेकरं मोठी झालेली. ती म्हणाली, "दुसरं काय नको. एका बाईला एकच मशीन. दुसऱ्या मशीनला तिनं हात लावायचा न्हाई, मुकादमानं लावायला सांगायचं न्हाई. लिवून पाहिजे."

आम्ही सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. सगळ्यात उंच केला असेल.

जिनिंगच्या मालकानं, शेठनी, मागणी मानली नाही. मग संप झाला. बारा दिवस जिनिंगचा भोंगा वाजला नाही. लोक म्हणतात युनियनचा फायदा सांग, पण मी तोटा आधी सांगते, कारण तो आधी आला. घरात मोंढ्यातली हमाली तेवढी. सासू रोज विचारायची, "सूनबाई, तुमचा संप भाकरीबिगर कवापर्यंत चालतो?" आणि फाटकाबाहेर गाड्या अडकलेल्या. त्या रांगेत माझा सख्खा धाकटा भाऊ, सेनगावाहून कापूस घेऊन आलेला. फाटकाच्या आत जायची वाट मी आणि माझ्यासारख्या बाया अडवून बसलेल्या.

तो मला म्हणाला, "अक्का, तुझी युनियन चांगली हाये. पण माझ्या बैलानं काय गुन्हा केला?"

"बैलाला मी कडबा आणून देते."

"अन् मला?"

"तुला भाकर आणते. गाडी मात्र आत जाऊ देत न्हाई."

"बापानं तुला हिंगोलीत दिली तवाच आई म्हणली व्हती, ही पोरगी सडक अडवंल," असं म्हणून तो गाडीखाली आडवा झाला. मी रोज त्याला भाकर नेली, बैलांना कडबा नेला. पण तो पुढं दोन वर्षं माझ्याशी धड बोलला नाही. त्याचं काय चुकलं? काही नाही. माझंही चुकलं नव्हतं. संपात असं होतं.

त्या बारा दिवसांत एकटं माझं लेकरू खूश होतं. आई दिवसभर जवळ, मागेल तेव्हा दूध. गालांवर खळ्या पडल्या तिच्या.

तेराव्या दिवशी शेठ नमले. कागद झाला. दादांनी सगळ्यांना गोळा करून तो मोठ्यानं वाचला. वेळेवर आलेल्याची हजेरी लावायचीच असं हजेरीचं कलम होतं, पुढच्या हंगामात जुन्या बायांना आधी बोलवायचं कलम होतं, आणि सगळ्यात वर आमचं कलम: एक बाई, एक मशीन, कोणत्याही बाईनं दुसऱ्या मशीनला हात लावायचा नाही. खाला डाव्या हातानं माझा हात धरून बसली होती. आम्ही गुलाल आणला. फाटकापासून मोंढ्यापर्यंत बाया नाचत गेल्या, आणि मी काही नाचणारी बाई नव्हे, पण गेले. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या तोंडचा शब्द कागदावर चढला होता आणि त्याखाली शेठची सही होती. तो दिवस आठवला की अजून माझी पाठ ताठ होते.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, मशीनं फिरायला लागली. थोड्या वेळानं मला जाळीतून सासू दिसली, लिंबाखाली बसलेली, लेक मांडीवर. मी खालाकडं बघितलं. खालानं मान हलवली आणि डावा हात माझ्या मशीनकडं लांब केला.

"खाला, हात मागं घ्या," मुकादम म्हणाला. तो माझ्या पाठीमागंच उभा होता. वाटच बघत असणार.

"क्यूं?"

"एक बाई, एक मशीन. दुसऱ्या मशीनला हात लावायचा न्हाई. तुमीच मागितलं."

मी म्हटलं, "अहो, दहा मिनिटं. लेकरू रडून राहिलं."

"बाई, मी काय राक्षस हाय का? लेकराचं कलम कागदात कुठं हाये तेवढं दाखवा, मी सोडतो."

मला वाचता येत नव्हतं, आणि वाचता येत असतं तरी काय दाखवलं असतं? कलम नव्हतंच. बारा दिवस उपाशी राहून, भावाची गाडी अडवून, आम्ही आमच्याच हातानं 'माझं धर' बंद करून घेतलं होतं, आणि गुलाल उधळून. त्या कागदाला हात वर करताना एकीच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि माझं लेकरू तर त्या वेळी माझ्या पदराखाली पीत होतं.

मी मशीनपुढं उभी राहिले. समोर लेक रडत असेल हे मला मशीनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पण तिचं तोंड उघडलेलं दिसत होतं. पान्हा तर काही कागद वाचत नाही. चोळी भिजली, तिला कापसाचे तंतू चिकटले, त्यांचा लगदा झाला. दुपारच्या सुट्टीत मी धावत गेले तेव्हा लेक रडून रडून झोपली होती. जागी केली तर पिईना.

असं रोज चाललं. दुपारची सुट्टी तेवढी मिळायची, सकाळ आणि संध्याकाळ नुसती कोरडी. सासूनं शेजारच्या घरून शेळीचं दूध आणलं, कापडाच्या बोळ्यानं पाजलं. लेकीचं पोट बिघडलं. खळ्या गेल्या. मान एवढीशी झाली. सासू म्हणाली, "काम सोडा. लेकरू राह्यलं तर काम पुन्हा मिळंल."

पण सोडलं की यादीतून नाव जाणार, पुढच्या हंगामात पुन्हा दारात उभं राहून मुकादमाची विनवणी. आणि घरात खाणारी तोंडं सहा. मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तुझ्या दादाला विचार. वर्गणी कशाला भरतो आपण?"

तेही खरं होतं. बाजाराच्या दिवशी दादा आले. मी उठून सगळं सांगितलं. उभं राहून इतक्या माणसांत मी त्या आधी कधी बोलले नव्हते. मी साडीच्या निऱ्या हातात घट्ट धरल्या होत्या.

दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमची तकलीफ बराबर हाये. पण आत्ता पंधरा दिवसांखाली सही झाली. आपणच आपला कागद मोडला तर शेठ म्हणतील, तुमी एक कलम मोडलं, आमी दुसरं मोडतो. हजेरीचं कलम मग जातं."

शिरडवाली तर माझ्यावर उखडलीच. "आज हिच्या लेकरासाठी दोन धरू. उद्या मुकादम म्हणंल, धरता येतात की तुमाला दोन. मग परत व्हते तेच. खालाची बोटं इतक्यात इसरली का गं तू?"

मला तिचा राग आला, पण खोटं सांगणार नाही, तिचं म्हणणं मला पटत होतं. युनियनची ही दुसरी तकलीफ बघा. पूर्वी सगळं तोंड बघून चालायचं. मुकादम खूश असला तर उशिरा आलं तरी चालायचं, रागावला तर वेळेवर येऊनही घरी. आता कागदानं चालणार. कागद मुकादमाला बांधतो तसा मलाही बांधतो. कागदाला तोंड नसतं, लेकरू नसतं.

तेवढ्यात खाला उठली. तिनं आपला उजवा हात पदराबाहेर काढला, एरवी ती तो कुणाला दाखवत नसे. शिरडवालीला म्हणाली, "मेरी उंगली का नाम लेके बात मत कर गे. उंगली मेरी है, मेरेकू पूछ. मैं बोलतूं, उसकी बच्ची कू दूध मिलना."

"मग तू दोन मशीन धरतीस का खाला? ह्या हातानं?"

खालानं हात परत पदराखाली घेतला. पण तोवर तो सगळ्यांना दिसला होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याबरोबर रागही. मी म्हटलं, "मग कुणीच नका धरू. खालानं नको, कुणीच नको. कागदात लिवलंय ना, दुसरीनं हात लावायचा न्हाई? बराबर. नका लावू. मी जागा सोडते, लेकरू पाजते. मशीन राहू द्या तसंच."

ते अक्कल म्हणून बोलले नव्हते, वैतागून बोलले होते. पण दादांनी मान वर केली.

"बाई, पुन्हा म्हणा."

"काय म्हणू? मी जागा सोडते."

"कागदात बाईनं जागा सोडायची न्हाई असं कलम हाये का?" दादांनी आपली पिशवी उघडून कागद काढला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि हसायला लागले. "न्हाई. बाईनं जागा सोडायची न्हाई असं कुठंच न्हाई."

शिरडवाली आधी हसली नाही. तिनं विचारलं, "रिकामं मशीन तापंल त्याचं काय? जिनिंग पेटलं तर आपण सगळ्याच जळू." हे तिचं मला आवडायचं, भांडणातसुद्धा ती काम विसरत नसे. तिथंच मागं फिटर बसला होता, म्हातारा, तोही मेंबर. तो म्हणाला, "मला आधी सांगा फक्त. बाई हलायच्या आत मी पट्टा उतरवून देतो. उतरवायला काय, चुटकी. चढवायला मात्र येळ लागतो बरं का. मी म्हातारा माणूस."

तेव्हा शिरडवाली हसली.

अंगावर पिणारी लेकरं असलेल्या आम्ही नऊ जणी होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, सासवा आणि नणंदा लेकरं घेऊन लिंबाखाली आल्या, तशी मी मान वळवून फिटरकडं बघितलं. त्यानं एकेक पट्टा उतरवला. नऊ मशीनं नऊ ठिकाणी थांबली. आणि आम्ही नऊ जणी, कापूस झटकत, ओळीनं बाहेर निघालो. बाकीच्या बाया मान खाली घालून आपापल्या मशीनवर, हात मशीनच्या तोंडाशी, इकडं तिकडं बघणं नाही.

मुकादम धावत आला. "कुठं चालल्या?"

"लेकरू पाजायला."

"अन् मशीन?"

"शेजारणीला हात लावता येत न्हाई. तुमीच सांगितलं."

"मग जागेवर काहून न्हाई राहिल्या?"

मी म्हटलं, "मुकादम, बाईनं जागा सोडायची न्हाई हे कलम कागदात कुठं हाये तेवढं दाखवा, मी परत जाते." हे वाक्य मी रात्रभर पाठ केलं होतं असं लोक म्हणतात. खोटं आहे. पाठ मी संध्याकाळीच केलं होतं, भाकरी थापता थापता.

लिंबाखाली आम्ही नऊ जणी पाय पसरून बसलो. लेकरं पिऊ लागली. माझी लेक आधी तोंड फिरवत होती, शेळीच्या दुधाची सवय लागलेली. मग तिला ओळख पटली. शेठ गादीवरून उठून अनवाणी बाहेर आले, आमच्याकडं बघितलं आणि लगेच पाठ फिरवून उभे राहिले, कारण बघायचं तरी कुठं. पाठमोऱ्यानंच ते मुकादमाला म्हणाले, "किती वेळ?"

मुकादम मला म्हणाला, "किती वेळ?"

मी म्हटलं, "तिला विचारा."

पाजून आम्ही जागेवर गेलो. फिटरनं पट्टे चढवायला घेतले. काय सांगू त्याचं म्हातारपण. एकेका पट्ट्याला तो आधी हात लावून बघायचा, मग कमरेला हात लावायचा, मग पाणी प्यायचा. संध्याकाळी परत तेच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. फाटकाबाहेर गाड्या वाढत चालल्या, आणि आम्ही तर कामावर होतो, संप नव्हता, घोषणा नव्हती, कागदाचा एकही शब्द मोडला नव्हता. आमच्यावर रागवायचं तरी कशासाठी? चौथ्या दिवशी शेठनी परभणीला माणूस पाठवून दादांना बोलावून घेतलं.

त्या बोलण्याला दादा मला आत घेऊन गेले. नुसती मला; म्हणाले, ज्याचं दुखणं त्यानं सांगावं. मी मागितलं ते एवढंच: प्रत्येक ओळीला एक जास्तीची बाई, जिचं स्वतःचं मशीन नाही. लेकुरवाळी पाजायला गेली, कुणाला चक्कर आली, कुणाला बाहेर जायचं झालं, की ती तिच्या जागी उभी राहील. म्हणजे कुणालाच दोन धरावे लागणार नाहीत. शेठ म्हणाले, "बिनमशीनच्या बाईला मजुरी?" मी म्हटलं, "चार दिवस नऊ मशीनं बिनबाईची होती, ते परवडलं का?" मग दादांनी परभणीच्या वकिलाकडून आणलेला एक कागद काढला. त्यात लिहिलं होतं की तान्ह्या लेकराच्या आईला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी द्यावी असं सरकारी कायद्यातच आहे. आधीपासून आहे. शेठनी दोन्ही मानलं. दादा बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई, माफ करा. इतकी वर्षं युनियन चालवून राहिलो, हे कधी मागितलंच न्हाई." आता त्यांच्या तरी ध्यानात कसं यावं? त्यांना कधी पान्हा फुटला नव्हता, आणि जिला फुटायचा तिला कुणी त्या खोलीत बोलावलं नव्हतं.

ती जास्तीची बाई आमच्या ओळीला खालाच झाली. तिनं स्वतः मागितलं. तिच्या हाताला एकाच मशीनवर दिवसभर उभं राहणं जड जात होतं, आता ती ओळीतून फिरायची आणि बाया हाका मारायच्या, "खाला, माझं धरा." पूर्वी ती मर्जीनं धरायची, आता तिच्या नावापुढं काम म्हणून लिहिलेलं होतं. ती मला म्हणायची, "देख, मैं मुकादम हो गई तेरी वजह से."

माझ्यापुरतं सांगायचं तर सगळं भरून आलं नाही. त्या तीन आठवड्यांत माझं दूध निम्मं आटलं ते आटलंच. लेकीला वरचं दूध चालू ठेवावं लागलं. ती जगली, वाढली, आता तिची लेकरं कॉलेजात आहेत, पण त्या हंगामात तिनं पुन्हा अंग धरलं नाही ते नाहीच. माझ्यानंतर आलेल्या लेकुरवाळ्यांना मात्र असं झालं नाही. त्यांना वाटायचं हे असंच असतं, आधीपासून. एकीनं तर मला विचारलं, "तुमी काहून इतका अभिमान करता त्याचा? सुट्टी तर मिळतेच." तिला तसं वाटलं यातच सगळं आलं.

कागदावर अंगठा उठवायची मला त्या वर्षानंतर लाज वाटू लागली. मी दादांकडून कराराची नक्कल मागून घेतली आणि उन्हाळाभर ती पुढ्यात घेऊन बसले. एक बाई, एक मशीन. सोपे शब्द. ए, क, बा, ई. शाळेत मी कधी गेले नाही, माझी अंकलिपी ती. आधी आमचं कलम वाचता आलं, मग हजेरीचं, मग शेठचं नाव, सगळ्यात शेवटी माझं.

पुढच्या दिवाळीला नवा करार ठरायचा होता. बायांनी मला कमिटीवर पाठवलं. आत खुर्च्या होत्या. मी दाराजवळची घेतली, कारण दाराबाहेर व्हरांड्यात सगळ्या बाया उभ्या होत्या. मुनीम एक कलम वाचायचा आणि मी म्हणायचे, "थांबा." मग तेच मी बाहेर वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "ह्यानं कुणाची अडचण व्हती का? लेकुरवाळीची, म्हातारीची, लांबून येणारीची? आत्ताच सांगा, मग रडू नका." शिरडवालीनं एक कलम तिथंच पकडलं. लिहिलं होतं की रजा आदल्या दिवशी सांगून घ्यावी. ती म्हणाली, "लेकरू काय आदल्या दिवशी सांगून आजारी पडतं?" दादांनी ते खोडलं. भोंगा होऊन गेला, चहा दोनदा झाला. शेठ दादांना म्हणाले, "तुमची ही बाई सही कवा करणार?"

"सगळ्या व्हय म्हणल्या की," दादा म्हणाले.

तेवढ्यात माझी लेक, नुकती चालायला लागलेली, सासूचं बोट सोडून व्हरांड्यातून दुडूदुडू आत आली आणि माझा पदर ओढू लागली. मी तिला मांडीवर घेतलं, पदराखाली घेतलं. शेठ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघू लागले. मुनीम वाचायचा थांबला.

"वाचा," मी म्हटलं. "अजून तीन कलमं राहिली."

तो वाचू लागला. बाहेरून शिरडवाली म्हणाली, "मोठ्यानं वाचा, इथं ऐकू येऊन न्हाई राहिलं." मुनीमानं घसा खाकरला आणि ते कलम पुन्हा पहिल्यापासून वाचलं.